बोर्डामागचे तीन पॉइंट

"पॉइंट कुठं आहेत?" केरिननं विचारलं.

क्लाइव्हचा रंगाचा ब्रश हातातल्या हातात थांबला. भिंतीवर हत्यारं टांगायचा, भोकाभोकांचा नवा पेगबोर्ड टेचात उभा होता. करवत, हातोडी, पक्कड, प्रत्येक हत्याराची काळी आकृती त्यानं स्वतः त्यावर रंगवली होती. कुणी काय जागेवर ठेवलं नाही ते दारातूनच कळावं म्हणून. गावातल्या निवृत्त पुरुषांनी सुतारकामासाठी, आणि खरं तर गप्पांसाठी, चालवलेल्या ह्या शेडमध्ये येऊन त्याला वर्ष झालं होतं. त्याच्या एकट्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम. अकराला नगराध्यक्षबाई फीत कापायला येणार होत्या आणि नऊ वाजून गेले होते.

"सोमवारी मी तिन्ही प्लग पॉइंट काढले, वायरी बंद करून भिंतीत सारल्या," केरिन म्हणाली. ती गावातली इलेक्ट्रिशियन. वायरीला तिच्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही, असा कायदाच होता. "बोर्डामुळं भिंत दोन बोटं पुढं येणार, म्हणून पॉइंट पुढं आणायचे. तुम्हाला एवढंच सांगितलं होतं, क्लाइव्ह, की जागा मोजा आणि बोर्डाला तीन खिडक्या पाडून ठेवा."

"मोजल्यात की. अगदी मिलिमीटरपर्यंत."

"मग लिहिल्यात कुठं?"

क्लाइव्हची नजर बोर्डाकडं गेली. पुढून पेन्सिलीच्या रेघा दिसू नयेत म्हणून त्यानं बोर्ड पालथा घातला होता. मागच्या बाजूला तीन सुबक चौकोन आखले होते, शेजारी आकडे. मग चहा झाला. मग शेडमधल्या जुन्या मर्व्हनं एक टोक धरलं, त्यानं दुसरं, आणि खिडक्या न पाडताच बोर्ड भिंतीवर गेला.

"पाठीवर," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

"बोर्डाच्या."

मर्व्ह असा हसला की त्याला कवळी हातात घ्यावी लागली. "आल्बी, ऐकलंस का रे? वर्षभर हा आपल्याला मोजलंस का, मोजलंस का करून पिडतोय!"

क्लाइव्हला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोर्ड काढायचा तर रंगाखाली दडलेले साठ स्क्रू उकरायला हवेत, आणि चित्रांचा पार चोथा होणार. खिशातली शेडची किल्ली त्यानं चाचपली. बाई येऊन गेल्या की ती मर्व्हच्या हातात ठेवायची आणि उद्यापासून घरी बसायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

केरिननं तारेचा एक तुकडा बोर्डाच्या भोकात घातला. दोन बोटं आत जाऊन तो अडला. "ही नुसती भिंत. जिथं पॉइंटची पोकळी आहे तिथं तार सरळ आत जाईल. पण एकूण भोकं किती?"

"चार हजार सहाशे आठ," क्लाइव्ह लगेच म्हणाला.

मर्व्हला पुन्हा कवळी सांभाळावी लागली.

"तुमचं चालू द्या," कोपऱ्यातून आल्बी म्हणाला. "मी चहा टाकतो." आल्बीची नजर इतकी गेली होती की माणसं तो आवाजावरून ओळखायचा. नळाखाली किटली भरून तो रोजच्यासारखा चार पावलं चालला, डावीकडं वळला, किंचित वाकला आणि हातातला प्लग पुढं केला. टक्!

"च्यायला, हे मध्येच काय आलं?"

सगळे बघतच राहिले. केरिननं अलगद त्याचा हात बाजूला केला, प्लग टेकला होता तिथल्या भोकात तार घातली. तार तिच्या चिमटीपर्यंत आत गेली.

"आल्बी, तुझा मुका घेऊ का?" केरिन म्हणाली.

"चहा झाल्यावर."

मग मर्व्हला चेव आला. दुसरा पॉइंट त्याच्या रेडिओचा. बोर्डाकडं रोखून बघत, ओठ चावत त्यानं हात पुढं केला. तार अडली. पुन्हा केला. पुन्हा अडली.

"अरे, विचार कसला करतोस? मॅच सुरू झाली!" आल्बी ओरडला. मर्व्हनं रेडिओ बाकावर आपटला, न बघताच मागं हात टाकला, आणि तार आत गेली. रंगवलेल्या एका करवतीची मूठ तिथल्या खिडकीत बळी जाणार होती, पण आता त्याचं कुणाला काय!

"तिसरा कुणाचा?" केरिननं विचारलं.

मर्व्हनं मान हलवली. आल्बीनंही हलवली.

"तिथं मी ड्रिल लावतो," क्लाइव्ह म्हणाला आणि त्यानं मोजायची टेप उघडली.

"ठेव ती," मर्व्हनं टेप काढूनच घेतली. "डोळे मीट आणि जा."

"मला नाही जमायचं, मर्व्ह. तुम्ही दोघं इथं अकरा वर्षं आहात. मी कालचा आलेला."

"घड्याळ बघ लेका. जा म्हटलं ना."

क्लाइव्हनं ड्रिल उचललं, त्याचा प्लग पुढं धरला आणि डोळे मिटले. दोन पावलांवर त्याची कंबर आपणहून जराशी वळली. तिथं बाकाचा कोपरा होता. डावा गुडघा वाकला. हात खाली गेला, भुशाच्या पिंपावरून पलीकडं पोचला, आणि टक् वाजलं.

केरिन त्याच्या बाजूला उकिडवी बसली. तार खसखसली.

"गेली का?" आल्बीनं विचारलं.

"गेली," केरिन म्हणाली. "पूर्ण."

क्लाइव्ह तसाच वाकलेला होता, हात भिंतीला टेकून.

"अरे, उघड आता डोळे," मर्व्ह म्हणाला.

"थांब जरा," क्लाइव्ह म्हणाला.