तिच्याभोवतीचं अंतर

मिनीबसने नदीचा पूल ओलांडला आणि सेविलायच्या पर्समधलं यंत्र बोंबलायला लागलं. सगळी गाडी मागे वळून बघायला लागली.

"अगं पोरी, बंद कर ते!" शेजारची म्हातारी कानांवर हात ठेवून म्हणाली. "जीव जाईल एखाद्याचा."

"बंद केलं तर माझा जाईल, मावशी."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. कारण ती नेमकं तेच करायला निघाली होती. कोर्टात जाऊन हे यंत्र एकदाचं परत करायला.

नवऱ्याने, एर्जानने, तिचा जबडा मोडला होता. कोर्टाने त्याच्या घोट्याला कडं बांधलं आणि तिच्या हातात हे यंत्र दिलं. दोघांमधलं अंतर ठरल्यापेक्षा कमी झालं की दोन्ही वाजणार, पोलिसांच्या देखरेख केंद्रातून दोघांनाही फोन जाणार. कागदावर झकास. पण एर्जान पक्का बेरकी. ती काम करायची त्या कपड्यांच्या कारखान्याच्या दिशेने तो यायचा आणि हद्दीच्या आत जेमतेम पाय टाकायचा. आत तिच्या यंत्राचा भोंगा वाजला की शिलाईच्या मशिनी थांबायच्या आणि सेविलाय दाराला कडी लावायला धावायची. तोवर हा पुन्हा हद्दीबाहेर. "चुकून आलो, साहेब," असं पोलिसांना म्हणायचा, आणि साहेबही माना डोलवायचे. हाताने मारायचीही गरज उरली नव्हती मेल्याला.

आज मालकाने तिला कामावरून काढलं. "मी शिवणारी बाई ठेवली होती, भोंगा नाही," असं सगळ्यांसमोर म्हणाला.

मिनीबस गर्दीत अडकली. यंत्र ओरडतच होतं. सेविलायने पर्स छातीशी धरून खिडकीबाहेर पाहिलं. कुठे असेल तो? कुठून येईल?

समोर न्हाव्याचं दुकान होतं. काचेपलीकडे, खुर्चीत, एर्जान. गळ्याला पांढरं कापड, अर्ध्या गालाला फेस. ती इथे आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. घोट्यावरचं कडं वाजत होतं, हातातला फोन वाजत होता आणि तो बावचळून इकडेतिकडे बघत होता. त्याने फोन कानाला लावला. पलीकडून कुणीतरी त्याला चांगलंच झापलं असावं. तो ताडकन उठला आणि कापडासकट दुकानाबाहेर पळाला. न्हावी वस्तरा हातात धरून बघतच राहिला.

त्याला अंगावर धावून येताना सेविलायने खूपदा पाहिलं होतं. पळून जाताना आज पहिल्यांदाच पाहत होती.

आणि तिच्या लक्षात आलं. हे अंतर काही तिच्या घराभोवती आखलेलं नव्हतं, कारखान्याभोवतीही नव्हतं. ते तिच्याभोवती होतं. ती जाईल तिकडे जात होतं. आणि इतके महिने ती दाराला कडी लावून कोपऱ्यात थरथरत बसली होती! तिला संताप आला. एर्जानचा, मालकाचा, त्या माना डोलवणाऱ्या साहेबांचा. सगळ्यात जास्त त्या कोपऱ्याचा.

"सोयीच्या जागी थांबवा, उतरायचंय!"

"ताई, कोर्ट अजून लांब आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"असू दे."

ती उतरली. गल्लीच्या तोंडाशी चहाच्या दुकानात पत्ते खेळत बसलेली माणसं कापड फडफडवत पळणाऱ्या माणसाकडे बघत होती. आता ती सगळी सेविलायकडे बघायला लागली. तेवढ्यात यंत्रातून केंद्रातल्या मुलीचा घाबरा आवाज आला.

"सेविलायबाई, तो अगदी जवळ आहे! आधी कुठेतरी आत शिरा, दार लावून घ्या. कुठे आहात तुम्ही?"

"त्याच्या मागे," सेविलाय म्हणाली आणि झपझप चालायला लागली. "त्याला फोन लावा. म्हणावं, अजून जोरात पळ."