शेवटचा रकाना

डॉक्टरांनी यंत्राचा पट्टा सोडला आणि म्हणाले, "एकशे चोवीस, शहात्तर. काका, एवढं छान प्रेशर माझंही नाही."

सुतारकाका हसले नाहीत. वर दुमडलेली बाही तशीच ठेवून बसून राहिले. शेजारी काकूंची चुळबुळ चालली होती. त्यांच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. बसल्यापासून चार वेळा त्यांनी ती मुद्दाम डुगडुगवली, पण काकांनी मान वळवली नाही. एरवी हा माणूस परक्याच्या घरीसुद्धा खुर्ची उलटी करून बघायचा आणि कुठल्या गाढवाने ठोकलीय म्हणून विचारायचा. ते घर सासऱ्याचं असलं तरी.

डॉक्टरांचा हात पुढच्या पेशंटसाठी घंटेकडे निघाला, तशी काकूंनी वही पुढे सरकवली. त्यांची बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत गेली होती. रकाने आखल्याशिवाय चैन पडत नसे. तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, गोळी आणि शेवटी 'निरीक्षण'. मागच्या दोन्ही भेटींत डॉक्टरांची नजर आकड्यांवरून परत फिरली होती. आजही तसंच झालं तर पुढची भेट तीन महिन्यांनी. तेवढे दिवस हातात आहेत, असं काकूंना वाटेनासं झालं होतं.

"आकडे राहू द्या. शेवटचं वाचा," त्या म्हणाल्या.

डॉक्टर वाचू लागले. नवी गोळी सुरू झाली त्या पानापासून. भांडले नाहीत. रंधा शेजाऱ्यांना देऊन टाकला. नातीचा फोन घेतला नाही. दुपारभर भिंतीकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले, गोळीने कधी कधी मरगळ येते, कधी तिचं कारण वेगळंच असतं, बघावं लागेल. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"'तीन दिवस संध्याकाळी आपणहून गच्चीवर गेले. सुधारणा.'"

"तेवढंच एक चांगलं," काकू घाईने म्हणाल्या.

डॉक्टरांनी काकांना विचारलं, गच्चीवर काय करता?

काकांनी दुमडलेली बाही खाली सोडली. मग फळीचं माप सांगावं तसं म्हणाले, "कठड्याशी उभा राहतो. संपवून टाकावं असं वाटतं. मग तेवढाही उत्साह राहत नाही. खाली येतो."

डॉक्टरांनी उठून दाराला आतून कडी लावली. आपली खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढून ते काकांच्या समोर बसले. गोळीचं बघू, म्हणाले, पण आधी मनाच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करतो, आजच जायचं. तोवर यांना क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

काकूंना यातलं अर्धंच ऐकू गेलं. त्यांनी काकांचं मनगट धरलं होतं आणि सवयीने नाडी मोजायला लागल्या होत्या. ठोके संथ पडत होते, सारख्या अंतराने, एकही न चुकता. साठ झाले तरी त्यांनी हात सोडला नाही. पुन्हा एकपासून सुरू केलं.