एकच पान

प्रिंटर चालला असता तर त्याला मिळणार होतं ते असं: खरेदी विभागाच्या प्रमुखाची केबिन, सहीसाठी बाहेर ताटकळणारे पुरवठादार, आणि साडूच्या घरी जेवायला गेल्यावर पहिल्यांदाच मान वर करून बसण्याची सोय. सगळं अडलं होतं एका पानावर. आणि ते पान काही केल्या निघत नव्हतं.

कॉम्प्युटर म्हणत होता, छापलं. प्रिंटर कोपऱ्यात हिरवा दिवा लावून ढिम्म. त्याने पुन्हा बटण दाबलं. राउटर बंद करून चालू केला. प्रिंटर बंद करून चालू केला. कागद काढले, झटकले, परत घातले. प्रत्येक उपायानंतर बटण दाबलं.

"एक वेळ देव पावेल," दारातून बायको म्हणाली. "जुना काय वाईट होता? पण नाही, ऑफिसात आहे तोच पाहिजे, अगदी मॉडेलसकट! आणि रविवारचं असं काय छापतोयस एवढं?"

"कामाचं आहे. तू जा गं."

काम असं होतं. विभागप्रमुख निवृत्त होत होते आणि खुर्चीसाठी दोनच नावं होती, याचं आणि त्याच विभागातल्या ताईंचं. ताई याच्याहून नऊ वर्षांनी जुन्या. हिशेब सरळ मांडला तर खुर्ची त्यांचीच. म्हणून याने तो जरा वाकडा मांडला. मोठ्या साहेबांना एक पत्र, खाली सही 'एक हितचिंतक'. कोटेशनं उघडण्याआधीच ताई एका पुरवठादाराला इतरांचे आकडे कळवतात, असा मजकूर. खरं असायची गरज नव्हती. कंपनीचा नियमच होता, खरेदीतल्या माणसाविरुद्ध तक्रार आली की चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत बढती नाही. खुर्ची काही तेवढे दिवस कुणाची वाट बघत नाही.

ईमेलने नाव कळलं असतं, हाताने लिहून अक्षर. बाहेर छापायचं तर दुकानदार वाचणार. म्हणून घर.

शेवटी वैतागून त्याने तेच केलं जे त्या ऑफिसातला प्रत्येकजण प्रिंटर अडला की करतो. ताईंना फोन लावला. आपण कुणाला फोन लावतोय हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण सवय शरमेपेक्षा जुनी होती.

"बोल रे. मी ऑफिसातच आहे, गोदामाच्या याद्या काढतेय. उद्या मोजणी आहे, विसरलास ना?"

"नाही ताई. घरचा प्रिंटर छळतोय हो. पोरीच्या शाळेचं आहे. एकच पान."

"दिवा हिरवा आहे?"

"आहे."

"मग त्या बिचाऱ्याला शिव्या देऊ नकोस. ऑफिसचं नेटवर्क जोडून बसलायस का?"

जोडलं होतं. तक्रारीचा नमुना ऑफिसच्याच फायलींतून उचलला होता. "हो, जोडलंय."

"थांब जरा."

फोनवर पावलं दूर गेली. कागद उलटल्याचा आवाज आला. एक, मग दुसरा, मग आणखी. याला वाटलं, याद्या.

"हं," ताई म्हणाल्या. "प्रिंट दिल्यावर जी चौकट उघडते ना, तिच्यात प्रिंटरचं नाव बघ. सारखीच दोन दिसतील. वरचं ऑफिसचं, खालचं तुझ्या घरचं. खालचं निवड."

त्याने निवडलं. कोपऱ्यातला प्रिंटर कण्हला, खाकरला, आणि पान बाहेर आलं.

"आलं, ताई! तुम्ही नसता तर..."

"बाकीचे अकरा कागद इथे आलेत," ताई म्हणाल्या. "माझ्याशिवाय इथे कोणी नाही. सगळे उचलून पर्समध्ये ठेवलेत."

त्याच्या हातात पान तसंच राहिलं. ताईंचा आवाज चढला नव्हता. बारा वर्षं त्याची पत्रं तपासून देताना असायचा तोच आवाज होता.

"तिसऱ्या ओळीत ज्या पुरवठादाराचं नाव घातलंयस, त्याने गेल्या वर्षीच धंदा बंद केलाय. मोठ्या साहेबांना माहीत आहे. असं पत्र वाचल्या वाचल्या टोपलीत जाईल. आता काय करायचं ते तू ठरव."

फोन बंद झाला.

तो खुर्चीत बसून राहिला. पश्चात्ताप आला, थोडा वेळ टेकला. मग हिशेब आला. ताईंना आता सगळं कळलं होतं. त्या प्रमुख झाल्या तर याला वर्षभरसुद्धा टिकू देणार नाहीत. त्यांच्या जागी तो असता तर त्याने दिलं नसतं. आता मागे फिरणं परवडण्यासारखं नव्हतं.

त्याने तिसऱ्या ओळीतलं नाव काढलं. धंदा जोरात चाललेल्या एका पुरवठादाराचं घातलं. चौकटीत प्रिंटरचं खालचंच नाव आहे ना, ते बघून घेतलं. पान पहिल्या फटक्यात निघालं.

चौकशी आठ महिने चालली. ताईंनी त्या अकरा प्रती टेबलावर ठेवल्या, तेव्हा मोठ्या साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "त्या रविवारी ऑफिसात हे छापायला तुमच्याशिवाय कोण होतं?" अखेर कुणावरच काही सिद्ध झालं नाही. तोवर केबिनमध्ये तो बसायला लागून सात महिने झाले होते.

खर्च म्हणाल तर अकरा कागद कंपनीचे गेले, दोन त्याचे. बाकी सगळं ताईंचं.