पाहुण्यांची कपबशी

कारखान्याच्या मॅनेजर मॅडम काय बोलत होत्या याकडे ढवळ्यांचं लक्षच नव्हतं. त्यांची नजर केबिनच्या दारावर होती. शिपाई चहा कशातून आणतो, त्यावर सगळं होतं. स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर झाल्यापासून अख्ख्या कारखान्याला ही खूण पाठ झाली होती. ज्याला ठेवायचं त्याला नेहमीचा कागदी कप, आणि ज्याला घरी पाठवायचं त्याला पाहुण्यांची सोनेरी काठाची कपबशी.

दार उघडलं. शिपायाने त्यांच्यापुढे कागदी कप ठेवला.

ढवळ्यांच्या जिवात जीव आला. लेकीचं लग्न, घराचे हप्ते, सगळं पुन्हा जागच्या जागी बसलं. चहा पांचट होता, तरी त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

“तर ढवळे, स्टोअरला यापुढे तुम्हा दोघांपैकी एकच माणूस राहील,” मॅडम म्हणाल्या. “उद्या उपासनींना बोलावलंय. तुम्हीही शेजारी बसा. ते तुमचं ऐकतात. तुम्ही सांगितलंत की निवृत्तीच्या अर्जावर सही करतील.”

ढवळ्यांनी रिकामा कप मुठीत चुरगाळला. नाही म्हटलं तर पुढचा चहा कशातून येईल, हे त्यांना ठाऊक होतं.

“बसतो,” ते म्हणाले.

स्टोअरच्या दारात उपासनी जेवणाचा डबा न उघडताच थांबले होते.

“कशातून दिला रे?”

“कागदी कप.”

“सुटलास बाबा.” उपासनींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “उद्या मला बोलावलंय. आत एकट्याने जायची भीती वाटते बघ. तू येशील का दारापर्यंत?”

ढवळ्यांनी होकारार्थी मान हलवली. उद्या त्या टेबलावर दोन चहा येणार होते, एक कपबशीत आणि एक कागदी कपात.