भुतांविरुद्धचं प्रवचन

"हॅलोविन हा सैतानाचा खेळ आहे! दारात आलेल्या भुताखेतांना थारा देऊ नका!" असं रविवारी ठणकावून सांगणारे पाद्री गिलँडर्स आज हॅलोविनच्या संध्याकाळी दिवे मालवून घरात येरझाऱ्या घालत होते. दर दोन मिनिटांनी पडदा सारून बाहेर बघत होते. चॉकलेटं मात्र आणून ठेवली होती, न जाणो.

"अहो, बसा की एका जागी," बायको म्हणाली. "चर्चमध्ये नऊ डोकी होती, त्यातली सहा पेंगत होती. कोणाच्या लक्षात आहे तुमचं प्रवचन?"

तेच तर त्यांना डाचत होतं.

दार वाजलं. पायघोळ काळा कोट आणि पुठ्ठ्याची पांढरी कॉलर घालून, हुबेहूब पाद्री बनून शेजारची आठ वर्षांची कर्स्टी उभी होती.

आमच्या स्कॉटलंडात काहीतरी म्हणून दाखवल्याशिवाय हॅलोविनला दारोदार फिरणाऱ्या सोंगाला खाऊ मिळत नाही. कर्स्टीनं घसा खाकरला, बोट उगारलं आणि रविवारचं अख्खं प्रवचन म्हणून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. मधला त्यांचा खोकलासुद्धा.

"हे... आणखी कुठे म्हटलंस?"

"घरोघरी. तुमचं घर शेवटचं." तिनं टम्म फुगलेली पिशवी दाखवली. "सगळ्यांनी दोनदा म्हणायला लावलं."

पाद्रींनी चॉकलेटांचा वाडगा तिच्या पिशवीत उपडा केला. मग हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी बायबलातल्या दहा आज्ञांवर प्रवचन लिहून देतो. पाठ करशील?"

"त्यात भुतं आहेत?"

पाद्रींनी मागे वळून बायकोकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"घालतो."