तिसऱ्या खड्ड्यातले शिंगाडे

"नालीचं तोंड बुजवा," यादोराव पाळीवरून ओरडला, आणि फावडी घेतलेली माणसं पुढे सरली.

मंदाबाईही त्यांच्या मागोमाग आली होती, पण तिचं लक्ष नालीकडे नव्हतं. ती तिसऱ्या खड्ड्याकडे बघत होती आणि आपण बघतोय हे कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून धडपडत होती.

गावच्या तलावात मासोळ्या मरून वर येत होत्या. ढिवरांची सगळी घरं त्या तलावावर जगणारी. यादोराव मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, त्यामुळे त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. शहराची घाण आमच्या तलावात येते, असं तो म्हणत होता, आणि ते खोटं कुठं होतं? नगरपरिषदेनं शहराखाली तीन मोठे खड्डे खोदले होते. सांडपाणी एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचं आणि निवळून नालीनं तलावात उतरायचं. गेल्या वर्षी ते खरंच निवळलं होतं. यंदा मात्र तिसऱ्या खड्ड्यातून काळं, नासकं पाणी येत होतं.

त्या खड्ड्यावर शिंगाड्याच्या वेली गच्च पसरल्या होत्या. मोकळं पडलेलं पाणी ढिवराला बघवत नाही. मंदाबाईचा भाऊ खुशाल तिथं चौकीदार होता. पावसाळा लागल्यावर, एका बाजाराच्या दिवशी, गावात कोणी नाही असं बघून तिनं त्याला गळ घातली आणि सानगडीच्या माहेराहून आणलेल्या वेली एका कोपऱ्यात लावल्या. कोणाला सांगशील तर माझी आण, असंही बजावलं. संशय नको म्हणून नंतर ती तिकडे फिरकली नाही. रस्त्यावरून जाता-येता लांबून बघायची. एवढ्याशा वेलीनं सगळा खड्डा भरून काढला, म्हणून आपल्या हाताचंच तिला कौतुक वाटायचं. आता नवरात्र तोंडावर होतं. उपासाचा शिंगाडा हातोहात खपतो. मासोळी गेल्यावर दिवाळीला घरात येणारं तेवढंच होतं.

नगरपरिषदेचा ओव्हरसिअर सायकल टाकून धावत आला.

"बुजवू नका. पाणी तुंबून पाळ फुटेल आणि सगळी घाण एकदम तलावात जाईल."

"मंग काय मासोळ्या मरू द्याच्या?" यादोराव म्हणाला.

"या वेली काढा. हे पाणी उन्हानं सुधारतं. ऊन लागलं की त्यात हिरवं शेवाळ धरतं, त्यानं पाण्याला हवा मिळते. या पानांखाली ऊन जाईल कुठून? कोणी लावल्या?"

खुशाल पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. यादोराव शेजारच्याचं फावडं हातात घेऊन त्याची माती खरवडू लागला.

मंदाबाई गप्प बसली असती तर दोन-चार दिवसांत शिंगाडे हाती आले असते. पण सकाळीच तिचा नवरा इश्वर मेलेल्या मासोळ्या टोपल्यांनी नेऊन पुरून आला होता आणि तसाच उपाशी पाळीवर बसला होता. तिला त्याच्याकडे बघवेना.

"साहेब, वेल माही होय," ती म्हणाली. "मीच लावली. खुशालले काही बोलू नका."

लुगडं वर खोचून ती पाण्यात उतरली. पहिली वेल ओढली तशी भरलेल्या शिंगाड्यांचा घोस हाताशी आला. तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं तो पाळीवर फेकला.

मागे पाणी डुचमळलं. शेजारची जनाबाई उतरली होती. मंदाबाईकडे न बघता ती सरळ पलीकडच्या कोपऱ्यात गेली आणि तिथल्या वेली उपटू लागली. मग शकुनबाई उतरली. मग आणखी दोघी, दोन वेगळ्या दिशांना. मंदाबाई हातातली वेल धरून बघतच राहिली. खुशालनं मान वर केली नाही.

यादोरावनं फावडं खाली ठेवलं आणि धोतर वर खोचलं.

"मधल्या वेलीले कोणी हात लावू नका," तो हळूच म्हणाला. "त्या माह्या होत. मी काढतो."