मदतीला धावले दोघं भाऊ

हिर्डोशीचा रस्ता शनिवार-रविवार बंद करून मोटारींची शर्यत लावली होती. वळणावरच्या बघ्यांत म्हादू होता आणि त्याचा सख्खा भाऊ धनाजीही. हद्दीच्या दगडावरून दोघांचं बोलणं कधीच तुटलेलं, त्यामुळं बांधाच्या अलीकडं एक, पलीकडं एक, आपापल्या रानात उभे होते.

"हिकडं काय बघतंय म्हनावं ते," धनाजी बायकोला म्हणाला.

म्हादूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुण्याची पोरं गाड्यांची नावं घेऊन ओरडत होती, आणि एखादी गाडी धनाजीच्या खाचरात घुसावी एवढंच म्हादूच्या मनात होतं.

तेवढ्यात एक गाडी रस्त्याकडेला बांधलेली जाळी फाडून थेट बांधावर आदळली आणि उलटली. सगळे जागच्या जागी थिजले. धावले ते दोघं भाऊच, तेही बरोबरीनं. पोरांचे मोबाईल वर झाले. "याला म्हणतात गावाकडची माणुसकी," कुणीतरी बोललं.



आत ड्रायव्हर काच बडवत होता. बाहेर, उखडलेल्या हद्दीच्या दगडाला दोन्ही हातांनी मिठी घालून म्हादू कैक वर्षांनी भावाशी बोलला, "हात काढ. दगड कुठं हुता त्ये म्या दावतो."